बंद टीव्हीतला करंट

वाघबारशीला वाघदेवापुढे नारळ फोडून माघ्याने दारू सोडली, आणि त्याच आठवड्यात घरातला जुना डबा टीव्हीही कायमचा बंद पडला. मोखाड्याहून दुरुस्तीवाला तुषार आला. "वायर काढली तरी आतल्या पिक्चर ट्यूबमध्ये करंट राहतो. मागचं झाकण कुणी उघडायचं नाही," असं त्याने सगळ्यांना बजावलं. माघ्याची बायको येसू चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात तुषारने तो करंट काढून टाकला, कामाचे भाग पिशवीत भरले आणि माघ्याला म्हणाला, "आता हा नुसता खोका. भंगारात दे."

माघ्याने दिला नाही. उलट त्या दिवसापासून तो टीव्हीची राखणच करायला लागला. येसू फडकं घेऊन जवळ गेली की म्हणायचा, "लांब राहा गं, मरशील." येसू लांब राहायची. संध्याकाळी ती पाण्याला गेली की माघ्या झाकण सरकवून बाटली काढायचा, दोन घोट घ्यायचा आणि बाटली परत करंटच्या ताब्यात द्यायचा.

काल येसू पाण्याला गेलीच नाही. आत चुलीपुढे, दाराकडे पाठ करून नागलीची भाकर थापत बसली. माघ्याला दम निघेना. त्याने हळूच झाकण सरकवून हात आत घातला. बाटलीच्या जागी काहीतरी गोल, केसाळ हाताला लागलं, तसा तो किंचाळून मागे पडला. पाठोपाठ एक नारळ गडगडत बाहेर आला.



येसूने मान वळवली नाही. "करंट लागला काय?"