दोन मोहगावं

आमच्या वर्धा जिल्ह्यात मोहगावं दोन, मधे जेमतेम चार कोस. एकाचं टपाल दुसऱ्याकडे जायचं, आणि १९७८ साली तर अख्खी वरात चुकीच्या मोहगावात जेवून उठली. शेवटी वरून हुकूम आला : जुनं गाव कोणतं ते ठरवा आणि दुसऱ्याचं नाव बदला. कारकून म्हणून मला पाठवलं.

अलीकडच्या मोहगावात देवळापुढच्या पारावर दोन्ही गावं जमली. इथले नानाजी म्हणाले, "रुक्मिणीले नेतानी मोहन इथं थांबला होता, म्हणून मोहगाव." पलीकडच्या मोहगावचे रूपराव उसळले, "काईच्या काई! आमच्या पणज्याचं नाव मोहनाजी. गाव त्यानं वसवलं."

दोघं हमरीतुमरीवर आले, तेव्हा कोणीतरी सुचवलं, सगळ्यांत म्हातारा पुनाजी गोंड आहे, त्यालाच विचारा. पुनाजी पाराखाली उभा होता. वर बस, असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं.

"मोहाची झाडं होती, म्हणून मोहगाव," तो म्हणाला. "पह्यले आमीच राह्यत होतो इथं. तुमचे आजे आले, आमाले उठवलं. आमी चार कोस गेलो, त्या जागेलेई मोहगावच म्हनलं. मंग तुमी तिथंई आले."

मी वहीतून मान वर न काढता विचारलं, "बरं, आता तुमचा मुक्काम कुठे?"



"तिसऱ्या मोहगावात," काठी उचलत पुनाजी म्हणाला. "पत्ता नाई सांगत, सायेब."