चौतीस पक्षी

"टॅम्सिन, पेटीतली घोंगडी काढ गं," बाबा छपरावरून ओरडले. "दोन्ही. आणि टबात बुडवून ठेव."

वणव्याच्या ठिणग्या विझाव्यात म्हणून छपराच्या पन्हळींच्या तोंडात टेनिसचे चेंडू ठोकून ते त्यांत पाइपाने पाणी भरत होते. दुपारचे दोन वाजले होते आणि सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसत होता. डोंगराच्या पलीकडून उत्तरेचा वारा येत होता, भट्टीचं दार उघडल्यासारखा.

टॅम्सिन उभी होती तिथेच उभी राहिली. ती चौदा वर्षांची होती, आणि त्या पेटीत काय आहे हे घरात फक्त तिलाच माहीत होतं.

स्वयंपाकघरात आई धाकट्या बहिणीला, एडीला, ऑक्टोपसचं पुस्तक वाचून दाखवत होती. सकाळभर 'वेळेत निघा' सांगणारी रेडिओवरची बाई आता वेगळंच सांगत होती. रस्त्यावर झाड पडलंय. निघायला उशीर झालाय. घरातच आसरा घ्या. आईने आवाज बारीक केला आणि ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, ते वाचलं.

"घोंगडी नाहीयेत," टॅम्सिन म्हणाली.

"असतील बघ खाली. नोव्हेंबरात बाबांनी वणव्याच्या तयारीची यादी वाचली, तेव्हा बरोबरची खूण केलीय."

"खूण केली. पेटी कुठे उघडली?"

आईने पुस्तकात बोट ठेवलं.

"पेटीत आजीच्या क्रोशाच्या रजया आहेत फक्त."

"मग त्याच भिजव."

"आई, त्या नायलॉनच्या आहेत. यादीतच लिहिलंय. वितळतात, अंगाला चिकटतात. लोकरच पाहिजे."

"हो गं बाई, मलाही येतं वाचता." पण आईचं बोट पुस्तकातून निघालं होतं, आणि पान आपोआप मिटलं.

बाबा आत आले. भुवयांवर राख होती. "काय चाललंय तुमचं? वाचनालय बंद करा आता. घोंगडी कुठेत?"

टॅम्सिनने वर बोट दाखवलं.

स्वयंपाकघराच्या दारातून दिसणाऱ्या बोळाच्या छताला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोऱ्यांना पक्षी टांगले होते. करड्या जाड लोकरीचे, लांब चोचीचे. प्रत्येकाच्या पंखावर एक निळा पट्टा, घोंगड्याच्या काठाचा.

रविवारी जेवण झालं की माहितीपट बघायचा, आणि पुढच्या रविवारपर्यंत त्यातलं काहीतरी हाताने करून दाखवायचं, नुसतं बघत बसायचं नाही, हा आईचा नियम होता. अलास्काहून एकदाही न थांबता थेट दक्षिण गोलार्धात, आपल्या किनाऱ्यापर्यंत उडत येणारे पक्षी टॅम्सिनने बघितले, आणि तिचे हात थांबेनात. चौतीस केले. पोटात भरायलाही घोंगड्याचीच कात्रणं. तालुक्याच्या प्रदर्शनात पहिल्या नंबराची निळी फीत मिळाली. किती दिवस लागले, चोच कशी वळवलीस, सगळ्यांनी सगळं विचारलं.

लोकर कुठून आणलीस, हे कोणीच विचारलं नाही. बोळात खिळे बाबांनीच ठोकले होते.

"मी तर म्हणालो होतो," बाबा वर बघत म्हणाले, "की लोकर काय झकास आहे."

"बाबा, मी सांगणार होते. खरंच. मग फीत मिळाली."

छतावर काहीतरी टपटप पडलं. पाऊस नव्हता. एडीने खिडकीला नाक लावलं. "पानं पडतायत. काळी पानं."

"खिडकीपासून लांब हो, राणी," आई म्हणाली आणि उठली. "टॅम, सुया आण. सगळ्या. दाभणसुद्धा. आणि सुती दोरा, दुसरा नको. पक्षी मी काढते."

कात्रीने एकेक दोरा कापला जात होता आणि पक्षी आईच्या ओंजळीत पडत होते. बाबा त्यांची पोटं उसवून कात्रणं बाहेर काढायला लागले. टॅम्सिन पंखाला पंख लावून शिवत होती. रविवारी बसायची तशीच चौघं टेबलाभोवती बसली होती. बाबा परत छपरावर जायला निघाले तेव्हा अडीच वाजले होते आणि धुरामुळे दिवा लावावा लागला होता.

"माझ्या बिस्किटाला नको कापू," एडीने शेवटचा पक्षी छातीशी धरला.

"बिस्किट मध्यभागी शिवू," टॅम्सिन म्हणाली. "तुझ्या नाकापाशी. बाहेर काय चाललंय ते तोच बघेल."

एडीने विचार केला आणि पक्षी दिला.

साडेतीनला वारा अचानक पडला. मग दुसऱ्या बाजूने उठला, आणि डोंगराकडून असा आवाज यायला लागला, जणू मालगाडी येतेय. त्या खोऱ्यात रेल्वे नव्हती. बाबा धावत आत आले आणि दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबू लागले.

आईने टेबलावरचा शिवलेला तुकडा उचलला, टबात बुडवला आणि एडीच्या डोक्यावरून सोडला. पाणी निथळून फरशीवर पसरलं. तुकडा गुडघ्यांपर्यंतच आला.

"आणि पाय?" बाबांनी विचारलं.

"पाय पोटाशी घेईल."

एडी भिंतीशी बसली आणि तिने पाय पोटाशी घेऊन दाखवले. निळ्या पट्ट्यांमधून फक्त डोळे दिसत होते. "अशी?"

"अस्सी."

"मग तुम्ही तिघं कशात बसणार?"

आईने सुईत पुन्हा दोरा ओवला. टेबलावर आता एकही पक्षी उरला नव्हता, नुसती बोटभर कात्रणं.