दुसऱ्याला पाठवा

"कुणाला पाठवाल?" परीक्षकांनी विचारलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

संसाधन व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राची ही तोंडी परीक्षा. पाणीपुरवठा खात्यात कुठला पंप, कुठली गाडी, कुठला माणूस कोणत्या कामावर जाणार, हे सहा वर्षं तीच ठरवत होती. पण अजून हंगामीच. परीक्षेत दोनदा आपटली होती. या खेपेला प्रमाणपत्र नाही आलं तर खुर्ची दुसऱ्याची, असं साहेबांनी गोड बोलून सांगितलं होतं. गोड बोलणाऱ्या साहेबांची तिला जास्त भीती वाटे.

प्रश्न मात्र तिला पाठ होता. हे सर अठरा वर्षं सगळ्यांना एकच प्रश्न विचारत.

भर दुपारी भुयारी टाकीतला व्हॉल्व्ह अडकतो. पाणी चढतंय, अर्ध्या तासात कुणीतरी खाली उतरायलाच हवं. फिटर दोन. पहिला जुना, मुरलेला, पाळीही त्याचीच. पण त्याने फोन केलाय की घरी तान्हं बाळ तापाने फणफणलंय. दुसरा नवा, काम शिकलेला, एकटा जीव.

घडलेली गोष्ट होती म्हणे. दुसरा उतरला, तो वर आलाच नाही. त्या दिवशी कामं सरांनीच वाटून दिली होती, असं खात्यात सगळे सांगत. मागच्या वर्षी पास झालेल्या मैत्रिणीने बजावलं होतं, "दुसरा म्हणायचं, आणि त्यांच्याकडे फार बघायचं नाही. रात्री झोप लागत नाही."

"दुसऱ्याला," ती म्हणाली.

सर तिच्या खांद्यावरून मागे बघत होते, कुणी उभं असल्यासारखे. न राहवून तिने वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

पहिला का नाही, असं त्यांनी विचारलं. तिने पाठ केलेलं सांगितलं: ज्याचा जीव घरी अडकलाय त्याला खाली उतरवू नये, हात चुकतो.

"ताप तुम्ही पाहिलात?"

हे मैत्रिणीने सांगितलं नव्हतं. खुर्ची गेली, असंच वाटलं. मग तिने पाठांतर सोडलं आणि मनातलं बोलली.

"नाही पाहिला, सर. पण तान्ह्या लेकराच्या नावाने कुणी खोटं बोलत नाही. माणसावर तेवढाही विश्वास ठेवला नाही, तर आमचं काम एक दिवस चालायचं नाही."

सरांनी कागद ओढून घेतला आणि सही केली. सही करतानाही नजर तिच्यामागच्या भिंतीवरच होती. उत्तीर्ण.

तिला रडूच आलं. सहा वर्षांचं ओझं उतरलं होतं. आता उठावं आणि निघावं, पण समोरच्या म्हाताऱ्याची तिला दया आली. एवढी वर्षं हा माणूस दारात येणाऱ्या प्रत्येकाकडे सुटका मागतोय, आणि आपण नुसती सही घेऊन पळायचं?

"सर, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "तुमच्या जागी मी असते, तरी हेच केलं असतं."

"सगळे असंच म्हणतात."

निदान काही चांगलं ऐकू यावं, म्हणून तिने विचारलं, "ते बाळ तरी बरं झालं ना?"

सरांनी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"बाळ नव्हतंच," ते म्हणाले. "माझं तेव्हा लग्नसुद्धा झालं नव्हतं."