पेल्यातलं पाणी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पाऊस दगा देऊन गेला होता, तेव्हा ही सरकारी जीप माझ्या गॅरेजला आली. ड्रायव्हर ग्यानोबा म्हणाला, "मिस्त्री, काटा पन्नासवर गेला की सारी गाडी थरथरायलीय. उद्या साहेबाला अहमदपूरला न्यायचंय."

माझी पद्धत साधी. मागची बाजू ठोकळ्यांवर उचलायची, बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवायचा, गाडी गिअरमध्ये चालवायची आणि एकेक भाग सोडवत जायचा. जो काढल्यावर पाणी शांत होतं, दोष त्यात.

चाकं काढली, तरी पाणी थरथरत राहिलं. मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट काढला, तरी तेच. शेवटी इंजिनच बंद केलं. पाणी थरथरतच होतं.

पेला उचलून लांब लिंबाखालच्या दगडावर ठेवला. तिथंही त्याच लाटा.

"वारं असंल," ग्यानोबा म्हणाला. लिंबाचं पानही हलत नव्हतं.

टँकर यायला अजून तीन दिवस होते. त्या साली पाणी ओतून द्यायला कुणाचाच हात धजत नसे. मी ते पिऊन टाकलं.

सगळं होतं तसंच परत बसवलं. ग्यानोबा चक्कर मारायला गेला. गाडीचा आवाज लांब विरला आणि जरा वेळानं माझे दात एकमेकांवर वाजू लागले. जबडा हातानं दाबून धरला, तर हातही थरथरायला लागला.

जीप फाटकात येऊन थांबली, तेव्हाच ते थांबलं.

"लोण्यावानी पळती, मिस्त्री," ग्यानोबा म्हणाला. "फाट्यापस्तोर पन्नासच्या खाली आणलीच न्हाई. उद्या सत्तरनं नेतो."