बाहेरून लावलेली कडी

सौमित्रच्या प्रायोगिक लघुपटात आठ मिनिटे केवळ एक बंद दार होते. आवाज मुळीच नव्हता. बाहेरून लावलेली कडी अधूनमधून थरथरत होती आणि सहाव्या मिनिटाला ती कायमची थांबली. थरथरीत आम्हा परीक्षकांना अस्तित्वाची घुसमट दिसली, स्थिरतेत मुक्ती. पुरस्कार एकमताने ठरला.

बुलढाण्यातील समारंभाला ते दार ज्यांच्या घरचे, त्या सरस्वतीबाईंना खेड्यातून आवर्जून आणले होते.

“भाऊ, आवाज काऊन काढून टाकला?” त्यांनी सौमित्रला विचारले.

“मौन हीच या कलाकृतीची भाषा आहे, काकू.”

“हाव. पण तुमी शूटिंगले आल्ते, त्याच दिवशी आतमंदी माहा पोरगा गोपाल गेला. त्याले फिट येत होती, म्हनून कडी लावून मी वावरात गेल्ती. त्यानं मले हाक मारली का, तेवढं आइकवा.”