पाहुण्यांनी लावलेलं झाड

बहात्तरच्या आषाढात शेजारच्या तीन देशांचे पाहुणे कर्जतजवळच्या आमच्या गावात आले. "झाडं जगवायची तर शेजाऱ्यांनी एक व्हायला हवं," म्हणत त्यांनी रंभाजी आणि गोरक्ष या चुलतभावांच्या मधल्या बांधावर कडुलिंबाचं रोप लावलं. त्याच बांधाच्या मालकीसाठी दोघं कोर्टात भांडत होते. पण पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून गप्प राहिले.

पुढं पाऊस आलाच नाही. रंभाजीची बायको चांगुणाबाई घागर घेऊन रोपाकडं निघाली, की गोरक्ष ओरडायचा, "पानी घालून कब्जा दावताय व्हय, वैनी?" गोरक्षची बायको निघाली, की रंभाजी नुसता खाकरायचा, थोरल्या दिरापुढं ती जागीच थांबायची. दोघी जावा भरल्या घागरी कमरेवर घेऊन रोप वाळताना बघत राहायच्या.

दिवाळीनंतर, पाहुण्यांना गावात घेऊन आलेले सरकारी साहेब जीपमधून उतरले आणि वाळकी काडी बघून भडकले. "पाहुणे परत येतायत! कुणाचा बांध हा? त्याला आता सोडत नाही."


दोघा भावांनी एकमेकांकडं बोट केलं आणि एकदमच सांगितलं, "ह्याचा हाय, साहेब."