खातूनबीची शुद्ध

अ‍ॅम्ब्युलन्स बाळापूरला पोचली तेव्हा सत्तरीच्या खातूनबी दिवाणावर निपचित पडल्या होत्या आणि त्यांचा मुलगा इनायतुल्ला घाम पुसत उभा होता. डॉक्टर जुईलीनं नाडी, बीपी, शुगर पाहिली, सगळं ठणठणीत. मग तिनं म्हातारीचा हात उचलून तोंडावर सोडून दिला. खऱ्या बेशुद्ध माणसाचा हात धपकन तोंडावर आदळतो. हा मात्र नाक चुकवून अलगद बाजूला उतरला.

जुईली वाकली, तसा म्हातारीनं एक डोळा किलकिला केला आणि कुजबुजली, "माह्या नातीले, गजालाले, नर्सिंग शिकाले नागपूरले जायाचं हाये, अन् तिचा बाप नाही म्हणते. मले थोडी सिरीयस कर, बेटी."

जुईलीनं हसू दाबलं, ऑक्सिजनचा मास्क चढवला आणि इनायतुल्लाकडे वळली. "यांनी मनाला फार लावून घेतलंय. आता कशालाच नाही म्हणू नका."

"म्हणजे गजालाले नागपूरले पाठवू?" इनायतुल्लानं छातीला हात लावला, गादी कुठे आहे ते पाहिलं आणि बेतानं आडवा झाला.


खातूनबी मास्क काढून ताडकन उठून बसल्या. "ऊठ बे! नाटक काहून करून राहिला?"